हसनाबादच्या पुलावरून न गेलेला बायलर

जालन्याहून परत आले तेव्हा धावड्याच्या बायांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. रेल्वे पाहिली का, आणि पाखऱ्याचं काय झालं. रेल्वेचं सांगायला वेळ लागत नाही. काळी आहे, मोठी आहे, आणि तिची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. पाखऱ्या हा आमचा बैल. त्याचं सांगायचं तर सगळी वाट सांगावी लागते, म्हणून लिहूनच काढते. माझं माहेर वऱ्हाडातलं. तिकडं मुलींना चौथीपर्यंत शाळेत बसवत, तेवढं लिहिणं मला येतं. आमच्या निजामी मुलखात तेव्हा मुलीच्या हातात पाटी देत नसत. ज्यांना वाचता येतं त्यांनी ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवावं.

माझा मुलगा सखाराम भाड्यानं गाड्या हाकतो. भोकरदनच्या अंगाला एका शेटनं कापसाची सरकी काढायची गिरणी घातली होती. तिचा बायलर रेल्वेनं जालन्याला उतरणार होता आणि तो गिरणीपर्यंत ओढून आणायचं काम सखारामला मिळालं. आजूबाजूचे गाडीवान त्यानं जमवले. सगळ्यांच्या पुढं जी जोडी जुंपायची ती पाखऱ्या आणि सोन्या. ही जोडी माझी. नवरा वारला तेव्हा भावकीत वाटण्या झाल्या आणि बैल माझ्या नावावर राहिले. चारतो, धुतो, हाकतो सखाराम; पण बैल माझे, हे गावाला ठाऊक आहे. माझी लेक गोदावरी जालन्यात दिली आहे. मी म्हटलं, बैल चालले आहेत तर मीही येते.

धावडा ते हसनाबाद

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. मागं डोंगर अजून हिरवा होता, पुढं काळं रान. कापूस फुटायला लागलेला, ज्वारी कमरेएवढी. पावसाळ्यात गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. रिकामी गाडी अशी आदळायची की बोलताना जीभ चावली जायची. गोदावरीसाठी डोंगरातली सीताफळं टोपलीत घेतली होती. आदल्या दिवशी ती कडक होती. भोकरदन मागं पडेपर्यंत उन्हानं आणि हिसक्यांनी पिकली, आणि एका खड्ड्यात टोपली कलंडून मी तिच्यावरच बसले. लुगडं चिकट झालं, माश्या लागल्या. सखाराम हसत सुटला. "माय, गोदीला आता बियाच ने," म्हणाला. उरलेली सीताफळं आम्ही तिथंच खाल्ली.

हसनाबाद ओलांडलं की गिरजा नदी आणि तिच्यावर दगडी कमानींचा जुना पूल. कुणी बांधला ते विचारलं तर प्रत्येकजण निराळा राजा सांगतो. रुंदी एका गाडीची, कठडे गुडघाभर. मी त्याच्यावरून पुष्कळ वेळा गेले असेन, पण पूल खालून कधी पाहिला नव्हता. बैलांना पाणी पाजायला उतरलो म्हणून पाहिला. कमानीच्या पायथ्याशी एक माणूस लहान शिडीवर उभा राहून एकेका दगडाला हातोडी मारीत होता आणि कान लावून ऐकत होता.

मी म्हटलं, "मडकं घेऊन राह्यला का बाप्पा?"

तो वळून हसला. "हो आजी. फुटकं निघालं तर परत कुणाला द्यायचं, तेच कळत नाही."

हे वामनराव. अंबडचे, हैदराबादला शिकलेले, सडकांच्या खात्यात ओव्हरसियर. जुने पूल किती दिवस तग धरतील आणि त्यांना सांधायला कोणता माल घालावा, हे शोधायचं काम त्यांना दिलं होतं. साहेब असून चप्पल काढून चिखलात उतरले होते, म्हणून मी बोलत थांबले.

दगडांमधून वरपासून खालपर्यंत भेगा गेल्या होत्या. त्या भेगांवर आडव्या, बोटभर रुंदीच्या काचेच्या पट्ट्या बसवल्या होत्या. दोन्ही टोकं सिमिटाच्या गोळ्यात रुतवलेली. मला वाटलं नजर लागू नये म्हणून असेल. तसं म्हटलं तर वामनराव म्हणाले, "तसं नाही. भेग मेलेली आहे का जिवंत आहे, ते मला बघायचंय."

"भेगेला काय जीव असतो?"

"मेलेली भेग म्हणजे दगड बसायचा तेवढा बसला, आता हलत नाही. तिच्यानं काही बिघडत नाही. जिवंत भेग वाढत जाते. डोळ्याला दिसत नाही, पण वाढते. लाकडाची पट्टी लावली तर दबेल, दोरी ताणली जाईल. काच दबत नाही न् ताणली जात नाही. भेग केसभर उघडली की तडकते."

"तडकली का मंग?" सखारामनं विचारलं.

"पावसाळ्याआधी लावल्या. अजून सगळ्या अखंड आहेत. पण पावसाळ्यात भरल्या गाड्या जातात कुठं? आता कापसाच्या गाड्या सुरू होतील, तेव्हा कळेल."

सखारामनं बायलरचं सांगितलं. वामनरावांनी हातोडी खाली घेतली. वजन विचारलं. सखारामला ते माहीत नव्हतं.

"एवढी जड वस्तू एका जागी ह्या पुलावर कधी आली नसेल," ते म्हणाले. "जालन्याहून निघाल्यावर इथं अलीकडंच थांबा. मी येऊन काचा बघितल्याशिवाय गाडा पुलावर घालू नका."

"बराबर," सखाराम म्हणाला. त्याला ते पटलं होतं असं नाही. सरकारी माणसाला तो बराबरच म्हणतो.

नवीन जालना

गोदावरीचं घर स्टेशनच्या बाजूला, नवीन जालन्यात आहे. तिकडं घरांपेक्षा गोदामं जास्त. सकाळी उठल्यापासून कापसाचे तंतू हवेत उडतात, डाळीत पडतात, केसांत बसतात. माणसं एकमेकांशी उभ्यानं बोलतात. आमच्याकडं कुणी दारात आलं की आधी पाणी देतात, मग काम विचारतात. इथं आधी काम विचारतात, आणि काम नसलं तर पाणीही देत नाहीत. गोदावरीनं मला चहा दिला. मी नको म्हटलं. शेजारणीसमोर तिला वाईट वाटलं म्हणून प्याले. गोड होता, बाकी काही नाही. त्या रात्री झोप आली नाही.

बायलर यायला उशीर होता. वामनराव जालन्यातच राहत आणि त्यांच्या कामाची शेड स्टेशनापासून लांब नव्हती. एकदा सखारामबरोबर मीही तिथं गेले. पत्र्याखाली ओळीनं हौद, आणि हौदात पाण्याखाली छोट्या छोट्या वड्या मांडलेल्या. आकार डमरूसारखा, मधे बारीक. मी विचारलं, हा काय प्रसाद आहे का?

"चुन्याच्या आहेत," वामनराव म्हणाले. "ही साधा चुना आणि वाळू. ही विटांची भुकटी घालून. हिच्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी, जुने गवंडी घालत तसं. ही सिमिटाची. कोणती किती ताण सोसते ते बघतो."

एक वडी त्यांनी वर चिमट्यात अडकवली, खालच्या टोकाला बादली टांगली आणि मला म्हणाले, "घाला वाळू, सावकाश." मी ओंजळीनं घालत गेले. काही होईना. बादली अर्ध्याच्या वर भरली आणि वडी मधोमध काडकन तुटली. बादली पायाशी आदळली, मी दचकून मागं सरले. त्यांनी बादलीतली वाळू तोलायला नेली. दिवसभर हेच काम. वडी करायची, पाण्यात ठेवायची, तोडायची, वाळू तोलायची.

"मंग सिमिटच घाला की," सखाराम म्हणाला. "सगळ्यात पक्कं तेच व्हय ना?"

"पक्कं आहे, पण ताठ आहे. जुना चुना मऊ असतो, उन्हापावसात थोडा हलतो. त्याच्यात सिमिट भरलं तर ते हलत नाही, शेजारच्या दगडालाच उचकटतं."

हे मला लगेच कळलं. आमच्या गावात एकानं मातीच्या भिंतीला सिमिटाचा गिलावा केला. दोन वर्षांत गिलावा पडला आणि जाताना अर्धी भिंत घेऊन गेला.

"म्हणून असा माल पाहिजे," ते म्हणाले, "की जो जुन्यापेक्षा बळकट असेल आणि जुन्याशी नांदेल. विटांची भुकटी आणि थोडं सिमिट, ह्याच्या आसपास कुठंतरी आहे. अजून सापडला नाही."

मग त्यांनी कागदाच्या पुड्या उघडून दाखवल्या. हसनाबादच्या पुलातून खरवडून आणलेला चुना. एका कमानीतला खड्यासारखा. दुसऱ्या कमानीतला मी बोटात धरला तर त्याचं पीठ झालं.

बाहेर आल्यावर मी सखारामला म्हटलं, "पाह्यलं ना?"

"पाह्यलं. पण पूल हाये ना माय उभा? माझ्या आज्यापासून उभा हाये."

बायलरबरोबर

बायलर म्हणजे लोखंडाचा एक लांबट पिंप, झोपलेल्या हत्तीएवढा. स्टेशनावरून तो लोखंडी चाकांच्या गाड्यावर चढवताना एका हमालाचं बोट चेंगरलं. शेटचे मुनीमजी छत्री घेऊन उभे होते. बोट बांधून होईपर्यंतही त्यांना धीर नव्हता. "जल्दी करो भाऊ, जल्दी. सीझन चालू झाला. बायलर वाटेत अन् कापूस दारात, असं होऊन राहिलंय."

पाखऱ्या आणि सोन्या पुढं, मागं बाकीच्या जोड्या. सगळ्या बैलांनी एकदम खांदा द्यायला पाहिजे, नाहीतर गाडा हलत नाही. पाखऱ्याची गंमत अशी की हाक ऐकल्यावर तो आधी मान खाली घालायचा आणि मग सगळे ओढायचे. मागचे बैल त्याच्या मानेकडं बघतात असं सखाराम म्हणायचा. मी बैलांना इतकं हुशार मानत नाही, पण पाखऱ्या नसला की बाकीचे वेगवेगळे ओढत, हे खरं.

जालन्यात त्या बायलरकडं कुणी बघितलं नव्हतं. खेड्यात शिरलो की सगळं गाव बाहेर. बाया हळदकुंकू घेऊन यायच्या, नारळ फुटायचे. एका म्हाताऱ्यानं बायलरच्या तोंडात वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्याला खायला काय लागतं?" मुनीमजी म्हणाले, लाकूड आणि पाणी. म्हातारा म्हणाला, "मंग आमच्यापेक्षा बरंय. भाकर मागत न्हाई." ताक मिळायचं, भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी. कुठं पैसे घेतले नाहीत. मी गाड्याच्या मागून चालायचे. तो इतका हळू चालायचा की माझ्यासारखी म्हातारी मागं पडत नव्हती. चाकाखाली वाटेवरचे दगड फुटत होते. फुटलेल्या दगडाची भुकटी व्हायची, ती मी बघत चालले.

गिरजेचा काठ

नदीवर पोचलो ते सकाळी. लांबून मला वाटलं वाट चुकलो. पूल पांढरा झाला होता.

बायलर येणार ही खबर मुनीमजींनी आधीच पुढं धाडली होती. दिवाळी तोंडावर. हसनाबादच्या बाया घरं सारवत, पांढऱ्या मातीनं पोतारत होत्याच. त्यांनी विचार केला, एवढी लक्ष्मी पुलावरून गावात येणार आणि पूल भेगाळलेला? भेग उघडी ठेवून आम्ही घरात नवरीसुद्धा घेत नाही. मग सगळ्याजणी शेणमाती आणि पांढरी माती घेऊन नदीत उतरल्या आणि हात पोचेल तिथवर एकूण एक भेग लिंपून टाकली. वरून पोतेरा दिला. कठड्यावर गेरूनं स्वस्तिकं काढली. काम सुरेख झालं होतं, ते मी खोटं म्हणणार नाही.

त्यांची पुढारी रखमाबाई. माझ्यापेक्षा थोडी लहान, आवाज मोठा. ती पुढं येऊन म्हणाली, "बघा आत्याबाई, कसा दिसून राह्यला? सरकारला जमलं न्हाई ते आमी केलं, अन् फुकटात!"

"अगं, काचा व्हत्या ना तिथं?"

"व्हत्या की. मेल्या हाताला लागत व्हत्या. काही निघाल्या त्या काढून टाकल्या, बाकीच्या मातीत दाबल्या. साहेबाला काच लावायची हौस असंल तं त्यानं आपल्या खिडकीला लावावी."

बाया हसल्या. तेवढ्यात वामनराव सायकल ढकलत आले. त्यांनी पूल पाहिला आणि सायकल तशीच आडवी टाकली. ओरडले नाहीत. खाली उतरले, हातानं ओला गिलावा खरवडायला लागले. मीही खाली गेले. मातीखालून काचा निघाल्या. जवळजवळ सगळ्या तुटलेल्या. काहींचे गोळे होते, काच नव्हती. वामनराव प्रत्येक तुकडा उन्हात धरून बघत होते.

"कुनी फोडल्या?" सखारामनं विचारलं. "पुलानं का बायांनी?"

"आता ते कळायचं नाही," वामनराव म्हणाले.

रखमाबाईचं हसणं तेव्हा थांबलं. तिला काचेचं काम काय होतं ते मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "कुनी सांगितलं असतं तं हात लावला असता का?" आणि ते बरोबर होतं. साहेबानं बैल पाजायला आलेल्या मला सांगितलं होतं. पुलाशेजारच्या गावाला सांगितलं नव्हतं. हे मी वामनरावांना तोंडावर म्हटलं. त्यांनी ते मान्य केलं.

मुनीमजी छत्री आपटत आले. "काच गई तो गई. नवीन लावा. पूल को क्या हुआ?"

"नवीन लावतो," वामनराव म्हणाले. "पण गोळा वाळायला वेळ लागेल, आणि मग कापसाच्या गाड्या जाऊन त्यांच्याखाली काय होतं ते बघायला पाहिजे. तोवर बायलर इथंच थांबवा."

"किती दिवस?"

"महिना तरी."

मुनीमजी मोठ्यानं हसले. मग त्यांनी वामनरावांना विचारलं की तुमच्याकडं पूल बंद करायचा हुकूम आहे का. नव्हता. तो वरून यावा लागतो. वामनरावांना सांगण्याचा अधिकार होता, अडवण्याचा नव्हता. मुनीमजी सखारामकडं वळले. "बोल भाऊ. तुझ्या हातात आहे. तुला जमत नसलं तर दुसरे गाडीवान पुष्कळ आहेत."

सगळे गाडीवान सखारामकडं बघायला लागले. त्यातला एकजण म्हणाला, "सखाराम, तुझ्या मायला ईच्यार." त्यावर हशा झाला आणि सखारामचे कान लाल झाले. पुढच्या जोडीशी तोच चालणार होता. पूल पडला असता तर आधी तो खाली गेला असता आणि त्याच्यावर बायलर. हे त्यालाही कळत होतं. पण माणूस हशापुढं असल्या गोष्टी विसरतो.

"जुंपा रे," तो म्हणाला.

मी वामनरावांना विचारलं, "पूल पडंल का?"

"सांगता येत नाही, आजी."

"उभा राह्यल?"

"तेही सांगता येत नाही."

"मंग शिकून काय केलं तुमी?"

"हे सांगता यावं म्हणूनच काचा लावल्या होत्या," ते म्हणाले.

त्या माणसाला बायलर थांबवायचाच होता. पडेल असं एकदा म्हणाला असता तर त्याचं काम झालं असतं, निम्मे गाडीवान जागच्या जागी बसले असते. तो तसं म्हणाला नाही. त्यामुळंच मला भीती वाटली. मी वर गेले आणि पाखऱ्या-सोन्याच्या मानेवरचं जू काढलं.

"माय, हे काय करून राह्यली?"

"बैल माझे हायेत. ते पुलावर जानार न्हाईत. बाकीच्यायला न्यायचं तं न्या."

"चार मानसांत माझी इज्जत घालू नको."

"इज्जत नदीत पडली तं काढता येती. तू पडला तं न्हाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या बापाचीही नजर अशीच होती. मी कासरा सोडला नाही. मुनीमजींनी दुसऱ्या जोडीला पुढं घालून पाहिलं. गाडा एकदा डावीकडं ओढला गेला, एकदा उजवीकडं, आणि जागचा हलला नाही. असा वाकडा ओढणारा गाडा अरुंद पुलावर घालायला मग कुणीच तयार होईना.

शेवटी नदीतून न्यायचं ठरलं. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, पण तळ वाळूचा आणि चिखलाचा. त्यात दगडांची वाट करायला पाहिजे होती. गाडीवान तेवढे पुरणार नव्हते. तेव्हा रखमाबाईनं पदर खोचला. "आमच्यानं घोळ झाला, तं दगडं बी आमीच टाकू. चला गं." त्यांच्या घरी दिवाळीचं काम पडलं होतं. तरी दोन दिवस त्या बायांनी डोक्यावरून दगड वाहिले. पुरुषांनी बाभळीच्या फांद्या आणि शिंदीचे झाप तोडून आणले. वामनराव पाण्यात उभे राहून कुठं काय टाकायचं ते सांगत होते. मीही दगड वाहिले, लहान लहान. मुनीमजी छत्रीखाली बसले होते.

तिसऱ्या दिवशी गाडा उतरवला. बैल माझे, म्हणून कासरा मीच सखारामच्या हातात दिला. नदीत ओढायला माझी ना नव्हती. अर्ध्यापर्यंत नीट गेलं. मग मागचं एक चाक खचलं. सखारामनं हाक दिली, पाखऱ्यानं मान खाली घातली, सगळ्यांनी जोर केला, आणि चाक वर आलं त्याच क्षणी पाखऱ्याचा पुढचा पाय दोन दगडांमधे गेला. मागचा जोर थांबवता आला नाही. हाड मोडल्याचा आवाज मी काठावर ऐकला. त्याला सोडवून बाजूला घेतलं, दुसरा बैल जुंपला, आणि बायलर पलीकडं चढला. मुनीमजींनी बायलरपुढं नारळ फोडला.

पाखऱ्याला लोकांनी फळीवर घेऊन हसनाबादच्या काठाला एका कडुलिंबाखाली ठेवलं. हाडवैद्य आला, बघून गेला. उभा राहू न शकणारा बैल जगत नाही, हे मला आधीच माहीत होतं. मी रखमाबाईच्या घरी उतरले आणि रोज त्याला चारा घालायला जात होते. सखाराम त्याच्याजवळून उठत नव्हता. आम्ही दोघं तिथं बसायचो. दिवाळीचे दिवे त्या गावात लागले तेव्हाही तिथंच होतो. रखमाबाई भाकरी आणून ठेवायची आणि काही न बोलता जायची. एवढं बोलणारी बाई, पण तेव्हा बोलली नाही, ह्याबद्दल मी तिला मानते. पाखऱ्या भाऊबीज झाल्यावर गेला. तिथंच पुरला.

निघायच्या आधी वामनरावांनी पुलावर नव्या काचा बसवल्या. ह्या वेळी गावातल्या बायांना बोलावून प्रत्येक काच दाखवली. रखमाबाई म्हणाली, "आता पोर बी हात लावनार न्हाई. म्या बघते ना."

पुढच्या साली गोदावरीच्या मुलाच्या बारशाला गेले तेव्हा पुलाखाली उतरून पाहिलं. काचा अखंड होत्या. कापसाच्या गाड्या सगळा हंगाम त्यांच्यावरून गेल्या होत्या. वामनरावांची बदली तेलंगणात झाली होती. शेडमधल्या वड्यांचं काय झालं, त्यांना पाहिजे तो माल सापडला का, हे मला जालन्यात कुणी सांगू शकलं नाही. काचा अखंड आहेत म्हणजे पूल पक्का, असं लोक म्हणतात. मी म्हणते, त्या काचांवरून बायलर गेलेला नाही. काचा अखंड आहेत हे खरं, बायलर गेला नाही हेही खरं, आणि त्यावरून काही ठरत नाही.

गिरणी चालू आहे. मुनीमजी भेटले की अजून म्हणतात, "आजी, पूल तो खडा है." गाडीवानांत तर एक म्हणच झाली आहे; कुणी उगाच भिऊन थांबला की म्हणतात, ह्याला धावड्याची म्हातारी भेटली. सखारामनं दुसरा बैल घेतला. तो सोन्याशी जुळला नाही. आम्ही दोघं हसनाबादच्या वाटेनं गेलो की पुलावर गाडी आली असताना तो हटकून म्हणतो, "पाह्य माय, उभाच हाये. फुकट गेला आपला पाखऱ्या." मी त्याच्याशी वाद घालत नाही. पूल पडलाच असता हे मला दाखवता येत नाही, आणि कुणालाच कधी येणार नाही. तो म्हणतो, मी ऐकते. म्हणायला तो आहे.